सेंट जॉर्जच्या मॉर्मन गायकांचं लॅटिन

अमेरिकेतल्या युटाच्या दक्षिण भागात सिल्व्हर रीफ नावाचं चांदीच्या खाणींचं गाव होतं. तिथल्या कॅथलिक खाणकामगारांची उपासना फादर लॉरेन्स स्कॅनलन चालवत. शेजारच्या सेंट जॉर्जमध्ये जॉन मॅकफार्लेन हे मॉर्मन गायनवृंदाचे प्रमुख होते. दोघांची ओळख झाली आणि मे 1879मध्ये चक्क मॉर्मनांच्या प्रार्थनागृहात कॅथलिक मिस्साविधी पार पडला. त्यासाठी मॉर्मन गायकांनी लॅटिन गीतं शिकून घेतली होती.

शेजारधर्म म्हणून हे लोभसच. पण रविवारच्या मिस्सात जो विश्वासांगीकार म्हणतात, त्याचं मूळ इ.स. 325च्या निकिया परिषदेत आहे, आणि पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत, हा त्याचा गाभा. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी नेमका तोच नाकारला होता.

कॅथलिकांचा देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्याच्या तीन व्यक्ती. तो अशरीरी आहे, त्याच्यात बदल होत नाही, आणि त्याने सृष्टी शून्यातून निर्माण केली. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर बजावूनच ठेवलं, की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवलं, तरी भेद त्याहून मोठाच राहतो.

जोसेफ स्मिथ यांनी हे अंतरच पुसून टाकलं. अर्थात एका दिवसात नव्हे. 1830मध्ये त्यांनी छापलेल्या 'मॉर्मनच्या ग्रंथा'सोबतच्या साक्षीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव असल्याचं म्हटलं आहे. ते वाचून एखाद्या कॅथलिकालाही खटकू नये. पुढे मात्र त्यांचा विचार झपाट्याने दूर गेला. 1842मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अब्राहामच्या ग्रंथा'त सृष्टी रचणारे 'देव' अनेकवचनात आले. एप्रिल 1843मध्ये त्यांनी सांगितलं, की पित्याला हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही आहे; पवित्र आत्म्याला तेवढं नाही. म्हणजे तिघे वेगवेगळे, फक्त उद्देशाने एक. जडद्रव्य अनादि असल्याने शून्यातून निर्मितीचाही प्रश्न मिटला.

सगळ्यात धाडसी उडी एप्रिल 1844ची. नाव्हू इथल्या मोठ्या सभेत स्मिथ म्हणाले, की देवही कधीकाळी माणूस होता आणि माणूस देवपदाला पोहोचू शकतो. कॅथलिक परंपराही माणसाला ईश्वरी जीवनात सहभाग मिळतो असं मानते, पण कृपेने. तिथे माणूस निर्मितीच राहतो. स्मिथ यांच्या मते देव आणि माणूस मुळात एकाच जातीचे. या प्रवचनाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. मत टिकलं, फैलावलं.

बाप्तिस्म्याच्या वेळी दोन्हीकडे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचंच नाव घेतलं जातं. म्हणूनच मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य धरायचा का, हा पेच व्हॅटिकनपुढे आला. प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा रोम साधारणपणे मानतं. पण जून 2001मध्ये कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीने मॉर्मनांबाबत एका शब्दात नकारार्थी उत्तर आलं. कारण नावाचं नव्हतं, देवाविषयीच्या समजुतीचं होतं. रोमवर एकांगीपणाचा ठपका ठेवता येणार नाही; मॉर्मनही कॅथलिक बाप्तिस्मा मानत नाहीत. मार्च 2019मध्ये पोप फ्रान्सिस आणि मॉर्मन अध्यक्ष रसेल नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट झाली. पोप आणि मॉर्मन अध्यक्ष यांची ती पहिलीच भेट होती. 2001चा निर्णय मात्र तिने बदलला नाही.