मसाटचा ऑर्गन आणि 1954 सालची बीन

काही महिन्यांपूर्वी मसाटला जाण्याचा योग आला. सिल्वासाला लागून असलेले हे गाव आता कारखान्यांचे. माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे. त्याच्या बाहेरच्या खोलीत, कपड्यांच्या ढिगाखाली, एक लाकडी पेटारा दिसला. "हे काय रे?" तर म्हणाला, "सासऱ्यांचा ऑर्गन. रविवारी भंगारवाला नेणार."

त्याचे सासरे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आमच्या गोव्यात अशा घरांतून काय काय सातासमुद्रापलीकडून आलेले असते! मी कपडे बाजूला केले आणि झाकण उघडले.

ज्यांनी घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गन पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या पेटीला पट्ट्यांची एक रांग. याला दोन, एकीवर एक. वरची उजव्या हाताला, सुरावटीसाठी. खालची डाव्या हाताला, साथीसाठी. पायाशी लाकडी पट्ट्या, त्यांवर डावा पाय खर्ज वाजवतो. उजवा पाय एका पेडलवर. ते दाबले की आवाज वाढतो. भाता नाही, हवा नाही.

सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे ओढण्याच्या दांड्या. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकन घड्याळकाराने 1935 साली आपला ऑर्गन बाजारात आणला. त्यात चुंबकासमोर फिरणाऱ्या दातेरी चकत्या विजेचा सूर तयार करतात. प्रत्येक दांडी मूळ स्वरात एकेक उपस्वर मिसळते. सुरात लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो ना, तेच इथे हाताने कमी-जास्त करायचे. मोठा हॅमंड देवळाएवढ्या जागेसाठी. 1948 मध्ये त्यांनी दिवाणखान्यात मावणारा छोटा काढला, 44 पट्ट्यांच्या दोन रांगा आणि 12 पायपट्ट्यांचा. जपानच्या यामाहाचा इलेक्टोन 1959 चा. 1980 मध्ये कॅसिओटोन आला आणि ऑर्गन काखेत मावू लागला.

'ऑर्गन' हा शब्द मात्र मराठी माणसाला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होता. संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा ऑर्गन रंगमंचासमोर असे. बालगंधर्वांच्या मागे थिरकवाँचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी यायचे. शास्त्रीय गाणाऱ्यांचा आक्षेप एवढाच, की पट्टीवर मींड निघत नाही. या कारणाने 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीलाही दार बंद केले. ते 1971 नंतर हळूहळू उघडले.

आणि इथेच मला 1954 साल आठवले.

त्या वर्षी 'नागिन' चित्रपट आला. संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातली बीन अवघ्या देशाने डोक्यावर घेतली. पण ती गारुड्याची पुंगी नव्हतीच! कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती, सोबत रवी यांची पेटी. क्लॅव्हिओलिन म्हणजे फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तें यांनी 1947 मध्ये बनवलेले छोटे इलेक्ट्रॉनिक वाद्य. एका वेळी एकच सूर, पण त्याला कंप देता येतो, नाद बदलता येतो. परक्या यंत्राने आपल्या मातीचा आवाज काढला.

त्या चित्रपटात गाणाऱ्या लता मंगेशकर. त्यांचे मूळ आमच्या मंगेशीचे. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात कार्यक्रम करून दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यासाठी पैसे उभे केले. लढ्यात प्रत्यक्ष उतरलेल्यांत सुधीर फडके होते. जुलैच्या अखेरीस दादरा आणि नरोली सुटले, आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. गोव्याला अजून सात वर्षे थांबायचे होते.

म्हणजे मी उभा होतो ती जमीन गाण्याच्या पैशानेही सुटली होती. मसाटच्या किती मुलांना हे ठाऊक असेल? इतिहासाच्या धड्यात बंदुका असतात, गाणे नसते.

मावसभावाला हे सगळे सांगितले. तो हसला. "तुझे खरे, पण जागा कुठे आहे?" प्रश्न रास्त होता, दोन खोल्यांत चार माणसे. मी उत्तर दिले नाही, प्लग लावला. थोडा वेळ नुसती घरघर. मग एक दांडी ओढली, पट्टी दाबली, आणि खोलीत खर्ज भरला. त्याची धाकटी मुलगी आतून धावत आली आणि स्टुलावर चढून बसली. तिचे पाय पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते.

भंगारवाल्याला त्याने तूर्त नको म्हणून सांगितले आहे. कपडे आता दोरीवर वाळतात. पुढचे त्या मुलीच्या हातात.