मूठभर मोकळी जागा

नगरांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि राजवाडे, तटबंदी, राजरस्ते आणि विस्तीर्ण उपवनें यांवरच प्रथम खिळते, हें स्वाभाविक आहे. दोन घरांच्या मध्यें उरलेला चार गुंठ्यांचा तुकडा, त्यांत दोन झाडें, एक बाक व एक फाटक, एवढ्या वस्तूचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें पुष्कळांस वाटेल. परंतु दाट वस्तींत राहणाऱ्या माणसाचा वृक्षवेलींशीं जो नित्याचा संबंध येतो, तो कोसभर दूर असलेल्या भव्य उद्यानांत नव्हे, तर घराजवळच्या अशाच चिमुकल्या जागीं येतो. तान्ह्या मुलाला घेऊन निघालेली माता किंवा काठी टेकीत चालणारा वृद्ध यांचा पल्ला तो किती असणार! ह्या जागा कशा निर्माण झाल्या व कशाच्या बळावर जगल्या हें पाहूं गेल्यास एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. लहान बागेचें भवितव्य तिच्या क्षेत्रफळावर ठरत नाहीं. तिच्या फाटकाची किल्ली कोणाच्या हातीं आहे आणि तो ती कशासाठीं वापरतो, ह्यावर ठरतें.

एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरांत लहान बागा नव्हत्या असें नाहीं. श्रीमंतांच्या वस्तींतून चौकोनी बागा होत्याच; पण त्यांच्याभोंवतीं लोखंडी गजांचें कुंपण असे, आणि किल्ली असे ती भोंवतालच्या घरमालकांपाशीं. गरिबांच्या वस्तींत मोकळी म्हणून जी जागा उरली होती, ती बहुतेक मृतांचीच. शहरांतील दफनभूमि इतक्या भरून गेल्या होत्या, कीं १८५२ च्या कायद्यान्वयें त्या बंद करण्यास प्रारंभ झाला. बंद झालेल्या ह्या जागांवर घरें बांधणाऱ्यांचा डोळा होता, आणि कित्येकांचे तर उकिरडे झाले. १८८२ सालीं लॉर्ड ब्रॅबेझन यांच्या पुढाकारानें सार्वजनिक बागांसाठीं एक मंडळ स्थापन झालें, आणि १८८४ च्या कायद्यानें अशा दफनभूमींवर इमारती उठविण्यास मनाई झाली. त्या मंडळाच्या बागांची आखणी फॅनी विल्किन्सन ह्या बाईंनीं केली. उद्यानरचना हा स्त्रियांचा व्यवसाय होऊं शकतो, हें त्या काळीं नवलच होतें. श्रीमती होम्स यांनीं जुन्या नकाशांवरून लंडनमधील एकेक दफनभूमि शोधून काढिली आणि १८९६ सालीं त्यांविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा रीतीनें मृतांच्या अंगणांत जिवंतांना बसावयास जागा मिळाली.

ह्याच चळवळींतील सर्वांत दूरदृष्टीची व्यक्ति म्हणजे ऑक्टेव्हिया हिल. गरिबांच्या घरांची व्यवस्था पाहतां पाहतां त्यांच्या ध्यानीं आलें, कीं एका खोलींत सारें कुटुंब कोंबलेल्या माणसास घराबाहेर एक बैठकीची खोली हवी आहे, आणि तिला छप्पर नसलें तरी चालेल. १८७५ सालीं लंडनच्या वायव्येकडील कांहीं मोकळीं शेतें वांचविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पण १८८७ सालीं साउथवर्क भागांत, जळालेल्या कागदाच्या कारखान्याच्या जागीं, त्यांनीं रेड क्रॉस गार्डन ही लहानशी बाग उभी केली. बागेला लागूनच कामकऱ्यांसाठीं टुमदार घरें आणि एक सभागृह बांधलें. अर्थात् बागेकडे पाहणाऱ्या खिडक्या होत्या, आणि त्या खिडक्यांच्या आंत राहणारीं माणसें होतीं. ही योजना आम्हांस मोठी मार्मिक वाटते. पुढें विसाव्या शतकांत ह्या बागेची मूळची रचना लोपली. ती २००६ सालीं पुन्हां सिद्ध करण्यांत आली. लहान बाग एकदां करून भागत नाहीं, ती प्रत्येक पिढीनें पुन्हां करावी लागते.

लंडनहून उत्तरेस, एडिंबरोच्या जुन्या भागांत, पॅट्रिक गेडीस हे १८८६ सालीं आपल्या पत्नीसह मोडकळीस आलेल्या एका दाट वस्तींत मुद्दाम राहावयास गेले. पुढें त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या भागाची पाहणी केली, तेव्हां घरांच्या पाठीमागें व बोळांच्या टोकांस पाऊणशेंच्या सुमारास पडीक तुकडे सांपडले. त्यांची एकूण बेरीज सुमारें दहा एकर भरली. जेथें जागाच नाहीं असें सर्व म्हणत होते, तेथें दहा एकर! त्यांपैकीं कांहींच्या बागा झाल्या, आणि त्यांच्या आखणींत गेडीस यांची कन्या नोरा हिचा मोठा वाटा होता.

हेच गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या आगमनापूर्वीं मुंबईंत १८९६ च्या प्लेगनें हाहाकार उडविला होता, आणि त्यावर उपाय म्हणून १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला होता. दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढावयाचे, हा ट्रस्टचा एक मुख्य उपाय. घर गेलेल्यांनीं शेजारच्या वस्तींत शिरून तेथील दाटी वाढवावी, हा त्याचा परिणाम! गेडीस यांनीं तंजावरसारख्या गांवांच्या अहवालांतून निराळाच मार्ग दाखविला. सारी वस्ती न उलथतां पडकीं घरें तेवढीं काढावीं, उरलेल्या फटींत झाडें लावावीं, जुन्या देवळापुढची जागा मोकळी करावी. त्यानें खर्चहि पुष्कळ कमी लागतो आणि माणसेंहि उठत नाहींत. निष्णात वैद्यानें सबंध हात न कापतां गळूच तेवढें फोडावें, तसा हा उपचार.

ह्यांत त्यांनीं आपणांस अगदींच परकें असें कांहीं दिलें नाहीं. पिंपळाचा पार ही आपली जुनी मोकळी बैठक होतीच. तिला भिंत नव्हती, फाटक नव्हतें, किल्लीहि नव्हती. पण येथें सत्याला जागून हेंहि सांगितलें पाहिजे, कीं त्या पाराला डोळ्यांना न दिसणारें कुंपण होतें. कोणीं वर टेकावें आणि कोणीं दुरूनच जावें, हें जातीनें ठरविलेलें असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. तरीहि महाडच्या तळ्याचें पाणी प्राशन करण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह तेथें जावें लागलें. तळें असो कीं बाग असो, ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिल्यानें जागा सार्वजनिक होत नाहीं.

लहान बागांविरुद्ध अधिकारीवर्गाचा मुख्य आक्षेप मात्र सर्वत्र एकच राहिला आहे: इतक्या बारीकसारीक जागांची निगा परवडत नाहीं. ह्या आक्षेपास एक उत्तर न्यूयॉर्क शहरांत मिळालें. रॉबर्ट झायन ह्या उद्यानरचनाकारानें १९६३ सालीं इमारतींच्या मधल्या फटींत चिमुकल्या बागा करण्याची कल्पना मांडली, आणि १९६७ सालीं विल्यम पेली ह्या उद्योगपतीनें आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ तशी एक बाग लोकांस खुली केली. तिचें क्षेत्रफळ ४,२०० चौरस फूट, म्हणजे चार गुंठ्यांहूनहि किंचित् कमी. मागील भिंतीवरून वीस फुटांचा जलप्रपात पडतो आणि त्याच्या आवाजांत रस्त्याचा कोलाहल बुडून जातो. वर झाडांची विरळ सांवली, आणि खालीं जमिनीस न जखडलेल्या सुट्या खुर्च्या! विल्यम व्हाइट यांनीं शहरांतील अशा जागांचें वर्षानुवर्षें निरीक्षण करून १९८० सालीं ग्रंथ लिहिला. माणूस बसण्यापूर्वीं खुर्ची चार बोटें कां होईना सरकवितो, आणि तेवढ्यानें ती जागा त्याची होते, हें त्यांनीं टिपलें आहे. ही बाग खासगी मालकीची आहे, रात्रीं तिचें फाटक बंदहि होतें; पण दिवसा आंत येणाऱ्यास ‘तूं कोण?’ असें कोणी विचारीत नाहीं.

आपल्या शहरांतूनहि इमारतींच्या मधोमध सोडलेले असे तुकडे आहेत, आणि भर दुपारीं त्यांच्या फाटकाला कुलूप लागलेलें कोणीं पाहिलें नाहीं? रिकामटेकडे येऊन बसतील, कोणी झोंपतील, कोणी झाडें मोडतील, ही भीति घालणाऱ्यांस आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. ती अनुभवांतूनच आलेली असते. परंतु व्हाइट यांचा निष्कर्ष असा, कीं नको असलेल्या माणसांवर उत्तम उपाय म्हणजे हवीं असलेलीं माणसें भरपूर येतील अशी जागा करणें. ऑक्टेव्हिया हिल यांनीं बागेशेजारीं घरें बांधलीं तीं ह्याच कारणास्तव. कुलपानें झाडें वांचत असतील, पण बाग वांचत नाहीं. एखाद्या मोहल्ल्यांत चार गुंठे जागा मिळाली, तर कारंजें केवढें असावें ह्याची चर्चा मागाहून करावी. आधीं दुपारच्या उन्हांत मोलकरणीस, फेरीवाल्यास आणि शाळेंतून परतणाऱ्या मुलास तेथें घटकाभर बसतां येईल कीं नाहीं, हें ठरवावें.