मुन्सफाची कचेरी, उमेदवार आणि पहिले पदवीधर

मुंबई इलाख्यांतील न्यायखात्याचा इतिहास लिहावयास घेतला कीं लेखणी सहसा वरच्या पायरीवरच रेंगाळते. गव्हर्नरांचे ठराव, रेग्युलेशनें, हायकोर्टाची स्थापना, एवढ्यांत तो इतिहास आटोपतो. परंतु इंग्रजी अंमलांतील न्याय रयतेच्या दारापर्यंत गेला तो मुन्सफाच्या कचेरींतून. त्या कचेरींत नव्यानें शिरणारा तरुण काय शिकून येई, आणि आल्यावर काय शिके, हा प्रश्न मागेंच राहतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

इ. स. १८२७ सालीं एल्फिन्स्टनचीं रेग्युलेशनें अमलांत आलीं व लहान दावे एतद्देशीय कमिशनरांकडे सोंपविले गेले. पुढें ह्यांसच मुन्सफ, सदर अमीन व मुख्य सदर अमीन अशीं नांवें पडलीं. ह्या कचेऱ्यांत शिरण्याची वाट उमेदवारीची होती. उमेदवार म्हणजे जागा रिकामी होण्याची आशा धरून बिनपगारी लिहिणें करणारा इसम. मोडी नकला कराव्या, फिर्यादी, कैफियती व जबान्या लावून रुमालांत बांधाव्या, नाजर व शिरस्तेदार यांचीं बोलणीं खावीं, हा त्याचा अभ्यासक्रम. कायद्याचें पुस्तक त्याच्या हातीं उशिरां येई. पण रोखा अस्सल कीं बनावट, शाई जुनी कीं नवी, साक्षीदार शिकवलेला कीं खरा, हें ओळखण्याची नजर त्यास आधीं येई. ह्या पद्धतीचें गोडवें गाण्याचें मात्र कारण नाहीं. ज्याचा मामा शिरस्तेदार त्याची उमेदवारी लवकर फळे, आणि ज्याचें कोणी नाहीं तो वर्षानुवर्षें दुसऱ्याच्या नकला उतरीत बसे. बिनपगारी राहण्यास घरीं भाकरी लागते. तेव्हां गरिबाच्या मुलास हें दार बहुधा बंदच होतें.

ह्या जुन्या वळणांत इंग्रजी विद्येचा पहिला शिरकाव भाषांतरकाराच्या मेजावरून झाला. गोपाळराव हरि देशमुख हे इ. स. १८४४ त दक्षिणेंतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरींत भाषांतरकार झाले, मुन्सफीची परीक्षा देऊन पुढें वाईस मुन्सफ झाले, व नंतर इनाम कमिशनांत गेले. कागद एका भाषेंतून दुसरींत नेतां नेतां त्यांस दोन्ही बाजूंचा कायदा कळला. लोकहितवादींच्या लेखणीस जी धार आली, तिच्या मुळाशीं ही कचेरी आहे असें आमचें मत आहे.

इ. स. १८५७ त मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें आणि १८६२ त त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. ह्यांपैकीं रानड्यांनीं १८६६ सालीं एल्‌एल्. बी. ची पदवी मिळविली. पुढील पांच वर्षांत सरकारी भाषांतराचें काम, अक्कलकोटचा कारभार, कोल्हापुरास न्यायाधीशी, एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापन, असे नाना अनुभव घेऊन ते १८७१ च्या अखेरीस पुण्यास सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले. हीही एक उमेदवारीच. फरक इतकाच कीं ती सपगार होती व पदवीच्या बळावर मिळाली होती.

दरम्यान १८६९ चा चौदावा आक्ट होऊन मुन्सफ व अमीन हीं नांवें गेलीं आणि पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज आले. दुसऱ्या वर्गाकडे पांच हजार रुपयांपर्यंतचे दावे असत. मुंबई विश्वविद्यालयाची कायद्याची पदवी ही ह्या जागेस पुरेशी पात्रता ठरली. लोकांच्या तोंडीं मात्र 'मुन्सफ' हाच शब्द राहिला, आणि तें योग्यच झालें. ह्या फेरफारानें मामा-शिरस्तेदाराचें महत्त्व उतरलें हा मोठाच लाभ. पण ज्यानें एकही रुमाल सोडला नाहीं असा तरुण थेट खुर्चीवर बसूं शकेल, हेंही त्यांतच आलें.

ह्याची कसोटी दहा वर्षांनीं लागली. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा झाला. चौकशी होऊन १८७९ चा सतरावा आक्ट, म्हणजे दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा, पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें न्यायाधीशास एक नवेंच काम दिलें. सावकारानें रोखा पुढें केला म्हणून तेवढ्यावर हुकूमनामा करावयाचा नाहीं. व्यवहार प्रथम सुरू झाला तेथपासूनचा इतिहास तपासावयाचा, मुद्दल किती व व्याज किती हें निराळें काढावयाचें. रोमन कायदा पाठ असून भागत नव्हतें; मोडी खातेवही वाचतां यावी लागे. शंभर रुपयांपर्यंतच्या अशा दाव्यांत वकिलास मज्जाव होता. त्याहून मोठ्या दाव्यांत सावकारानें वकील दिला व शेतकऱ्यास तें सामर्थ्य नसलें, तर त्याच्या संमतीनें सरकारी वकिलास अगर राजी असलेल्या दुसऱ्या लायक गृहस्थास त्याच्या बाजूनें उभें करण्याचा अधिकार न्यायाधीशास होता. गरिबाच्या बाजूनें कायदेपंडित उभा करण्याची ही तरतूद त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. पण तिचा उपयोग व्हावयाचा तो खुर्चीवरील माणसाच्या मर्जीनें, आणि समोर गोंधळून उभा असलेला कुणबी खरोखर असहाय आहे हें त्याच्या ध्यानांत आलें तरच.

१८८१ पासून रानडे ह्या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीस गांवोगांव फिरले, व १८८७ त स्पेशल जज्ज झाले. रमाबाईंच्या 'आठवणीं'त ह्या फिरतीचें जें वर्णन आहे तें संशोधकांनीं घरगुती प्रसंग म्हणून सोडून देऊं नये. पुढें १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिशांवर रानड्यांनीं जो निबंध लिहिला, त्यांत बखरीपेक्षां दप्तराच्या कागदास दिलेलें वजन हें आमच्या मतें ह्याच तपासणींत कमावलेल्या संवयीचें फळ होय.

राहतां राहिला जुना उमेदवार. पदवीधराचें नांव सरकारी यादींत व गॅझेटांत सांपडतें. ज्यानें त्याच्यासाठीं खातेवही उलगडून वाचली त्याचें नांव पगारपत्रकांत शोधून उपयोग नाहीं, कारण पगारच नव्हता. मुन्सफ कचेऱ्यांचे जे जुने रुमाल शिल्लक असतील, त्यांतील नकलांचें अक्षर ताडून पाहणें हाच त्याच्या शोधाचा एक मार्ग दिसतो.