कापूस गेला, बँजो आला

जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो कापसासाठी. इकडे वऱ्हाडात ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण कापूस मँचेस्टरला गेला, एवढं सांगून मास्तर मोकळे होतात. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. 1893 मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे कापूसवाहतूक उभी केली, आणि बघता बघता आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान झालं. जहाजं परत येताना रिकामी थोडीच येणार? कापड, काचेचं सामान, खेळणी असा स्वस्त जपानी माल दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या बाजारात ओतला गेला. त्याच मालात तारांचं एक लांबोडकं वाद्य होतं. त्यालाच आज आपण बँजो म्हणतो.

अमेरिकेतल्या चामड्याच्या बँजोशी याचं काही नातं नाही. हा 1912 साली नागोयाच्या मोरिता गोरोने काढला. त्याच वर्षी जपानात ताइशो कारकीर्द सुरू झाली, म्हणून तिकडे तो ताइशोगोतो. मूळ वाद्य दोन तारांचं. त्यावर मोरिताने टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. बटण दाबलं की खालची पत्ती तारेला पडद्यावर टेकवते, उजव्या हाताने तार छेडायची, बस. सूर शोधत बोट सरकवायला नको. ज्याला गुरू परवडत नाही त्याच्यासाठी याहून सोयीचं तंतुवाद्य मला तरी माहीत नाही. घरात बसून हळू वाजवायची ही वस्तू आपल्याकडे येऊन वरातीपुढे चालू लागली. बलुचिस्तानात तिचा लांबरुंद बेंजू झाला आणि तिथल्या लोकसंगीतात मानाने बसला.

माझं दुकान मलकापूरला. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्याकडे अँप्लिफायर, मिक्सर आणि बँजोचे पिकअप येतात. नांदुऱ्याकडच्या एका बँजो पार्टीचा मालक पोत्यात गुंडाळून जुना बँजो घेऊन आला. "भाऊ, आजोबाचा हाये. याचा आवाज निंघते का पाहा. नाही निंघला त राहू द्या, पण फेकू नका."

इकडचे बँजो बहुतेक सागवानी, हातात घेतले की वजन कळतं. हा हलका होता. वरचा काळा रंग पापुद्रे सुटलेला, पण एका कोपऱ्यात सोनेरी फुलाची डहाळी अजून दिसत होती. कंपनीची पट्टी गायब, तिची दोन भोकं तेवढी शिल्लक. खरी ओळख पटली कळांवरून. मळ काढल्यावर बटणांवर 1 ते 7 आकडे निघाले, आणि काहींच्या खाली टिंब, काहींच्या वर टिंब. भातखंड्यांच्या स्वरलेखनात मंद्राला खाली आणि तार सप्तकाला वर टिंब असतं, तसंच अगदी. आपल्याकडच्या एखाद्या कारागिराने सा रे ग म लिहिले असते; आकडे लिहायची पद्धत जपानी. आतले स्क्रूही सगळे एका खाचेचे, फुलीचा एकही नाही. एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण फुलीचे स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाले, तेव्हा वाद्य जुनं असण्याला बाध येत नाही.

मग मी तळ पालथा केला. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानातून, म्हणजे 1952 पर्यंत, बाहेर गेलेल्या पुष्कळ मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असे. इथे फक्त 'जपान' वाचता येत होतं, आणि त्याच्याआधी लांबलचक शब्दाला पुरेल एवढी जागाच नव्हती. 1941 च्या जुलैत ब्रिटिशांनी जपानशी व्यवहार गोठवले, डिसेंबरात लढाईच पेटली. त्यामुळे माझा कौल, हा नग 1941 च्या आधीचा. कदाचित 1933 च्या गडबडीच्याही आधीचा. त्या साली सरकारने ब्रिटिशेतर परदेशी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली आणि जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने काय भोगलं असेल! 1934 च्या करारात तर हिशेबच बांधून दिला: जपानने वर्षाला 10 लाख गाठी कापूस घ्यायचा, तर त्याला 32.5 कोटी यार्ड कापड इकडे विकता येईल. बँजोचं नाव अशा करारात कोण घालतो?

लाकडाचं वय एक, विजेचं दुसरंच. तारांखाली कोणीतरी चाकूने ओबडधोबड खाच कोरून पिकअप बसवला होता. उघडला तर जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधलं चुंबक आणि त्यावर हाताने गुंडाळलेली, केसाहून बारीक तांब्याची तार. हे काम जपानचं नाही, आपल्याच एखाद्या रेडिओवाल्याचं. ढोल-ताशापुढे त्या चिमुकल्या पेटीचा आवाज कुठे पुरणार? पुढे बॅटरीवर चालणारे ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर हाती आले, तसा बँजो हातगाडीवरच्या भोंग्यातून गरजू लागला. भीमजयंतीची मिरवणूक, गणपती, लग्न, सगळीकडे.

मीटर लावला तर कॉइल तुटलेली. सुदैवाने तुटली होती अगदी तोंडाशी, डाग दिला त्या जागी. भिंगाखाली एक वेटोळं सोडवून पुन्हा जोडली. गुणगुण येत होती, ती घोडीला अर्थिंगची तार लावल्यावर थांबली. तरी दोन तारा भोंग्यात मुक्याच. हाताने छेडल्या तर छान वाजत, अँप्लिफायरला मात्र त्यांचा पत्ताच नाही. कोणीतरी सतारीच्या पितळी तारा चढवल्या होत्या; चुंबकाला पितळ काय कळतं? पोलादी तारा घातल्या, काम झालं. पत्त्यांना तारांनी पाडलेल्या चरांमुळे सूर चरचरत होता, तेवढ्या कानशीने सपाट केल्या.

माझा एक शौकीन मित्र म्हणाला, पिकअप काढ, खाच बुजव, वाद्य मूळ जपानी कर, संग्रहाचं होईल. मला ते पटलं नाही. कोणा अनाम मेकॅनिकने टेलिफोन फोडून केलेली ती कॉइल मला सोनेरी डहाळीइतकीच मोलाची वाटते. नागोयाची पेटी जगात पुष्कळ ठिकाणी सापडेल, ही कॉइल नाही. रंगालाही मी हात लावला नाही, नुसता पापुद्रा बसवला.

आता बँजो पार्ट्यांचे दिवस तंग आहेत. कीबोर्डमधून बँजोचाच आवाज काढतात, डीजेवाला पंधरा माणसांचं काम एकटा करतो. रितेश देशमुखचा 'बँजो' 2016 मध्ये आला तेव्हा महिनाभर पोरं शिकायला निघाली होती, मग गप्प झाली. नांदुऱ्याचा मालक मात्र वाद्य वाजवून बघत दुकानातच बसला. रस्त्यावरचे लोक थांबले. जाताना कॉइलचे पैसे दिले, तारांचे उधार ठेवले. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या लागल्या की देतो म्हणाला.