अमेरिकेतील माउंटन बाइक शर्यतींचा मान्यताशुल्क वाद

अमेरिकेतील माउंटन बाइक शर्यतींचा मान्यताशुल्क वाद हा स्थानिक सायकल शर्यतींचे आयोजक व स्पर्धक आणि सायकलिंगचे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्यातील दीर्घकाळ चाललेला वाद आहे. डोंगरवाटांवर, चिखलात आणि खडीच्या रस्त्यांवर होणाऱ्या छोट्या शर्यतींनी महासंघाची मान्यता घ्यावी का, त्यासाठी किती शुल्क द्यावे आणि मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरणाऱ्या स्पर्धकाला शिक्षा व्हावी का, हे या वादातील मुख्य प्रश्न आहेत. इ.स. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने (यूसीआय) आपल्या नियम क्र. १.२.०१९ च्या काटेकोर अंमलबजावणीचा आग्रह धरल्यानंतर हा वाद विशेष गाजला.

## पार्श्वभूमी

माउंटन बाइक शर्यतींचा उगम कोणत्याही महासंघाच्या पुढाकाराने झालेला नाही. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७६ पासून काही हौशी सायकलपटू जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर वेळेची शर्यत लावत असत. ‘रीपॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्यतींना ना परवाना होता, ना विमा. शर्यतींची संख्या वाढू लागल्यावर मात्र समान नियम आणि विमा यांची गरज भासू लागली. या गरजेतून १९८३ मध्ये ‘नॅशनल ऑफ-रोड बायसिकल असोसिएशन’ (नोर्बा) ही संघटना स्थापन झाली.

१९९० मध्ये कोलोरॅडो राज्यातील डुरँगो येथे यूसीआयची पहिली माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा प्रथमच समावेश करण्यात आला. दरम्यान १९९५ मध्ये ‘यूएसए सायकलिंग’ या राष्ट्रीय महासंघाची उभारणी झाली आणि नोर्बा त्याचा भाग बनली. हौशी सायकलपटूंनी स्वतःच्या सोयीसाठी उभी केलेली व्यवस्था अशा प्रकारे ऑलिंपिक चळवळीच्या उतरंडीत सामावली गेली. सर्वात वर यूसीआय, त्याखाली राष्ट्रीय महासंघ आणि त्याखाली स्थानिक संघटना व मंडळे, अशी ही उतरंड आहे.

## शुल्काचे स्वरूप

महासंघाची मान्यता घेणाऱ्या शर्यतीवर साधारणतः पुढील खर्च येतात:

* मान्यता शुल्क: शर्यत महासंघाच्या कार्यक्रमपत्रिकेत नोंदवण्यासाठी आयोजकाने भरावयाची रक्कम.
* विमा अधिभार: प्रत्येक स्पर्धकामागे, प्रत्येक दिवसासाठी आकारली जाणारी रक्कम.
* पंचांचे मानधन: महासंघाने प्रमाणित केलेल्या पंचांचे मानधन व प्रवासखर्च.
* परवाना शुल्क: स्पर्धकाने स्वतः भरावयाचे वार्षिक शुल्क, वार्षिक परवाना नसल्यास एकदिवसीय परवान्याचे शुल्क.

यांतील मान्यता शुल्क व पंचांचा खर्च स्पर्धकांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे छोट्या शर्यतीवर त्याचा भार अधिक पडतो. उदाहरणादाखल, असा स्थिर खर्च ५०० डॉलर धरल्यास ५०० स्पर्धकांच्या शर्यतीत तो माणशी १ डॉलर होतो, तर ५० स्पर्धकांच्या शर्यतीत माणशी १० डॉलर होतो.

विमा हा यातील टाळता न येणारा भाग आहे. अमेरिकेतील अनेक डोंगरवाटा वनविभागाच्या किंवा अन्य सरकारी जमिनीवर आहेत. तेथे शर्यत घेण्यासाठी जमिनीच्या वापराचा विशेष परवाना लागतो आणि तो मिळवण्यासाठी दायित्व विमा दाखवावा लागतो. मात्र हा विमा महासंघाकडूनच घेतला पाहिजे, असे बंधन नसते. खाजगी विमा उपलब्ध होऊ लागल्यावर महासंघाच्या मान्यतेची किंमत तिच्या लाभांशी ताडून पाहणे आयोजकांना शक्य झाले.

## आयोजकांचे आक्षेप

बहुतेक स्थानिक शर्यती स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि त्यांतून फारसा नफा होत नाही. अशा आयोजकांचे आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे होते. पहिला, एकदिवसीय परवान्याचे शुल्क प्रवेश शुल्कावर वेगळे आकारले जात असल्याने प्रथमच शर्यतीत उतरणारा स्पर्धक मागे फिरतो. दुसरा, मानांकन, श्रेणीबढती आणि राष्ट्रीय संघनिवड या सुविधांचा लाभ मोजक्यांना होतो, पण त्यांचा खर्च सर्वांकडून घेतला जातो. तिसरा, नियमावली रस्त्यावरील शर्यतींच्या अनुभवातून घडलेली असल्याने ती डोंगरवाटांवरील शर्यतींच्या प्रकृतीशी नेहमीच जुळत नाही.

## महासंघांची बाजू

शुल्क ही केवळ त्या दिवसाच्या शर्यतीची किंमत नसून संपूर्ण खेळाच्या व्यवस्थेतील वाटा आहे, अशी महासंघांची भूमिका राहिली आहे. पंचांचे प्रशिक्षण, उत्तेजक द्रव्य चाचण्या, तक्रारनिवारण, युवा खेळाडूंची जडणघडण आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील सहभाग यांचा खर्च अशा सामायिक निधीतून भागतो. अमेरिकेत स्पर्धकांमागे जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग मान्यताप्राप्त स्थानिक संघटनांकडे परत जातो. मान्यता न घेणारे आयोजक महासंघाने घडवलेल्या खेळाडूंचा व पंचांचा लाभ घेतात, पण त्यासाठी काही देत नाहीत, असाही प्रतिवाद केला जातो.

## नियम १.२.०१९ आणि २०१३ चा वाद

यूसीआयच्या नियमावलीतील कलम १.२.०१९ नुसार, जी स्पर्धा राष्ट्रीय, खंडीय वा जागतिक कार्यक्रमपत्रिकेत नाही किंवा जिला संबंधित महासंघाची मान्यता नाही, तीत परवानाधारकास भाग घेता येत नाही. आपल्या देशातील विशिष्ट स्पर्धांसाठी विशेष सूट देण्याचा अधिकार राष्ट्रीय महासंघास आहे. कलम १.२.०२१ नुसार उल्लंघनासाठी एक महिन्याचे निलंबन आणि ५० ते १०० स्विस फ्रँक दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली.

हा नियम जुना असला, तरी अमेरिकेत त्याची अंमलबजावणी क्वचितच होत असे. २०१३ च्या वसंत ऋतूत, पॅट मॅक्वेड अध्यक्ष असताना, यूसीआयने तो काटेकोरपणे लागू करण्यास सांगितले. त्याची झळ प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय परवाना असलेल्या व्यावसायिक माउंटन बाइक व सायक्लोक्रॉस स्पर्धकांना बसणार होती. अमेरिकेतील अनेक नामांकित डोंगरी शर्यती मान्यतेविना होत असत. त्यांतील बक्षिसे आणि प्रायोजकांपुढे मिळणारी प्रसिद्धी हा या स्पर्धकांच्या उपजीविकेचा भाग होता. दंडाची रक्कम लहान असली, तरी हंगामाच्या मध्यावर एक महिना बाहेर बसणे त्यांना परवडणारे नव्हते.

या नियमाने वादाचे स्वरूप बदलले. तोपर्यंत मान्यता ही आयोजकाने घ्यावयाची किंवा नाकारावयाची सेवा होती. नियमाच्या अंमलबजावणीने ती व्यवहारतः सक्तीची होणार होती आणि शिक्षा मात्र आयोजकास नव्हे, तर स्पर्धकास होणार होती. स्पर्धक व आयोजकांनी तीव्र विरोध केल्यानंतर यूसीआयने त्या वर्षापुरती काटेकोर अंमलबजावणी पुढे ढकलली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या निवडणुकीत मॅक्वेड यांचा पराभव होऊन ब्रायन कुकसन अध्यक्ष झाले.

## ओरेगनचे उदाहरण

ओरेगन राज्यातील शर्यती ‘ओरेगन बायसिकल रेसिंग असोसिएशन’ या संघटनेच्या छत्राखाली होत असत. वादाच्या काळात ही संघटना यूएसए सायकलिंगशी संलग्न नव्हती. तिचे परवाने, पंच, निकालनोंदणी आणि विमा यांची व्यवस्था स्वतंत्र होती. पोर्टलंड परिसरातील ‘क्रॉस क्रूसेड’ या सायक्लोक्रॉस मालिकेत एका दिवसात हजाराहून अधिक स्पर्धक उतरत. राष्ट्रीय महासंघाविना तळागाळातील शर्यती चालू शकतात, याचा दाखला म्हणून ओरेगनकडे बोट दाखवले जाई. नियमाच्या कठोर अर्थानुसार मात्र तेथे राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवानाधारकांना घराजवळच्या शर्यतीतही उतरता आले नसते.

## ग्रॅव्हल शर्यतींचा उदय

खडीच्या रस्त्यांवरील लांब पल्ल्याच्या ‘ग्रॅव्हल’ शर्यती बव्हंशी महासंघांच्या चौकटीबाहेर वाढल्या. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ मध्ये अवघ्या ३४ स्पर्धकांनिशी सुरू झालेली शर्यत पुढे ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने हजारो स्पर्धकांची शर्यत बनली. २०१९ मध्ये युरोपातील सर्वोच्च स्तरावरील एका संघाच्या व्यावसायिक सायकलपटूंनीही तीत भाग घेतला.

यानंतर महासंघांनीच या प्रकाराकडे पावले वळवली. यूसीआयची पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात झाली, तर यूएसए सायकलिंगची पहिली राष्ट्रीय ग्रॅव्हल अजिंक्यपद स्पर्धा २०२३ मध्ये नेब्रास्का राज्यातील गेरिंग येथे झाली. मोठ्या ग्रॅव्हल शर्यती खाजगी कंपन्यांच्या हाती गेल्याने आणि त्यांचे प्रवेश शुल्कही वाढल्याने, महासंघ टाळल्यास शर्यत स्वस्तच राहते, हे गृहीतक मात्र टिकले नाही.

## कायदेशीर बाजू

अमेरिकेत केवळ देशांतर्गत असलेल्या स्थानिक शर्यतीस राष्ट्रीय महासंघाची मान्यता घेणे कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे तेथील वाद मुख्यतः महासंघांच्या अंतर्गत नियमांभोवती राहिला.

युरोपात हा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या कक्षेत आला. ग्रीसमध्ये मोटारसायकल शर्यतीस परवानगी मिळण्यासाठी ‘एल्पा’ या संस्थेची संमती आवश्यक होती आणि ही संस्था स्वतःही शर्यती भरवत असे. ‘मोटोए’ या संघटनेला संमती न मिळाल्याने सुरू झालेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ जुलै २००८ रोजी निर्णय दिला. स्वतः स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेस निर्बंध, बंधने व फेरतपासणीविना असा अधिकार देणे स्पर्धा कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या प्रकरणातही २१ डिसेंबर २०२३ रोजी याच दिशेचा निर्णय झाला.

## भारतातील संदर्भ

भारतीय सायकलिंग महासंघ यूसीआयशी संलग्न असल्याने त्या नियमावलीची चौकट भारतीय परवानाधारकांनाही लागू होते. बाहेरच्या स्पर्धांत खेळण्यावरील बंदीचा प्रश्न भारतात अन्य खेळांच्या निमित्ताने भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. पुण्याजवळील खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले व अन्य खेळाडूंनी हॉकी इंडियाविरुद्ध केलेल्या तक्रारीत आयोगाला २०१३ मध्ये कायद्याचे उल्लंघन आढळले नाही. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या प्रकरणात मात्र आयोगाने २०१८ मध्ये खेळाडूंवरील अशी बंदी हा वर्चस्वाचा गैरवापर असल्याचे ठरवले.

## हे सुद्धा पहा

* माउंटन बाइक
* सायक्लोक्रॉस
* आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघ
* भारतीय स्पर्धा आयोग