कापसाचा फुगा आणि बाजरीची गावे

दख्खनचे दंगे, 1875. पाठ्यपुस्तकातील साखळी आपणा सर्वांना पाठ आहे : अमेरिकेत यादवी युद्ध, कापसाला भाव, शेतकऱ्याला सढळ कर्ज, युद्धाचा शेवट, मंदी, दंगा. मात्र दंगा जेथे झाला त्या भीमथडी आणि शिरूर तालुक्यांतील जिरायत जमिनीत मुख्यतः बाजरी-ज्वारी पिकत असे. मग कापसाच्या मंदीने बाजरीचा शेतकरी कसा बुडाला? आजचा धागा याच प्रश्नाविषयी.

कथेचा पूर्वार्ध मुंबईतला, आणि तो विनोदी कादंबरीत शोभावा असा. एप्रिल 1861 मध्ये युद्ध पेटले, अमेरिकन कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या गोष्टी त्या काळी सांगितल्या जात. हाती आलेल्या पैशाला वाट हवी होती, म्हणून कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचा शेअर 5,000 रुपयांचा. लोक तो कितीतरी पट किमतीला घेत होते आणि कंपनीची जमीन तेव्हा समुद्राच्या पाण्याखाली होती! प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे वाटत होती.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले. 1 जुलै हा वायद्यांच्या सौद्यांचा दिवस उजाडला तेव्हा पैसे देणारा कोणीच उरला नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांपर्यंत चढलेला शेअर 87 रुपयांवर आला.

आता घाटावर जाऊ. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये आणि थळघाटाचा 1865 मध्ये खुला झाला. दोन्ही कल्याणला मिळतात. (मानपाड्याहून रिक्षाने स्टेशन गाठून आपण ज्या मार्गावर रोज लोंबकळतो, तोच हा मार्ग.) या वाटेने कापूस खाली उतरला आणि रोख पैसा वर चढला. रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळाली, गाडीवानांना भाडी मिळाली, धान्यही महागले. कापसाचे बोंड न लावलेल्या गावातही शेतकऱ्याची पत वाढली, आणि सावकाराने हात सैल सोडला. माझ्या मते साखळीचा खरा दुवा पीक नसून पत हा आहे.

तेजीच्या याच काळात इंदापूर-भीमथडीकडील तीस वर्षांच्या साऱ्याची मुदत संपत आली. 1867 पासून फेरपाहणी सुरू झाली आणि अनेक गावांचा सारा निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक वाढला. चढ्या भावांकडे पाहून आकारलेला हा सारा भाव उतरल्यावर भरायचा होता.

त्यात कागदाचा खेळ. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांतच लावता येई. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवी. निरक्षर कुणब्याने अंगठा उठवला की न्यायालयापुढे तेवढाच कागद खरा.

12 मे 1875, सुपे, बाजाराचा दिवस. जमावाने सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली. लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. रोखे मुकाट्याने हवाली करणाऱ्या सावकाराला बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही. लोकांचा रोख कागदावर होता, आणि इतक्या क्षोभातही तो ढळला नाही, ही बाब मला विलक्षण वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. त्याच वर्षी मुंबईत राजाबाई टॉवर पूर्ण झाला, प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला, आणि स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन कर्जापायी विकण्यास मनाई केली.