ठासून

‘इम्पॅक्ट’ हा शब्द आपण आता ‘परिणाम’ म्हणून सर्रास वापरतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘पांजेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ, ठोकून पक्के बसवणे. सतराव्या शतकातल्या इंग्रजीतही ‘इम्पॅक्ट’ करणे म्हणजे दाबून घट्ट बसवणे. धडकेचा अर्थ अठराव्या शतकातला, परिणामाचा त्याहूनही नंतरचा. जुना अर्थ दाताच्या दवाखान्यात अजून ऐकू येतो: जबड्यात रुतून बसलेल्या अक्कलदाढेला डॉक्टर ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात.

जेफ्री ली यांचा ‘इम्पॅक्ट’ हा टंक शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेने १९६५ साली बाजारात आणला. नावामागे धडकेचाच अर्थ असावा, पण अक्षरे पाहिली की जुना अर्थ जास्त पटतो. रोमन ‘ओ’च्या पोटात जेमतेम एक उभी फट उरते, बाकी सगळी शाई. वर-खाली जाणारे दांडे आखूड, शेजारची अक्षरे खांद्याला खांदा लावून उभी. मथळ्याची रुंदी ठरलेली असते. तेवढ्यात अक्षर मोठे करायचे तर उंच आणि चिंचोळेच करावे लागते. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने वेबसाठी मोफत दिलेल्या टंकांत हा होता आणि पुढे मीमवरची पांढरी, काळ्या काठाची अक्षरे याचीच झाली.

या बिनशेपटीच्या अक्षरांचे घराणे ‘ग्रोटेस्क’. ते नाव नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालातून आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये लोक त्या गुहेसारख्या दालनांत उतरले. गुहा म्हणजे ‘ग्रोत्ता’, म्हणून तिथल्या विचित्र भित्तिचित्रांची शैली ‘ग्रोतेस्को’. पुढे ‘ग्रोटेस्क’ म्हणजेच विचित्र झाले आणि १८३०च्या दशकात लंडनच्या थोरोगुड यांच्या ओतशाळेने ते नाव या अक्षरांना दिले.

मला मात्र ‘इम्पॅक्ट’ला आपला ‘ठासणे’ जवळचा वाटतो. तोफेत दारू ठासत असत, पोत्यात कापूस ठासून भरतात आणि मुद्दाही ठासून सांगतात. जागा न सोडता भरणे आणि जोर देऊन सांगणे, दोन्ही एकाच क्रियापदात. जाड, चिंचोळ्या अक्षराचे कामही नेमके हेच.

देवनागरीत हे काम अवघड आहे. मात्रा, रफार, उकार यांना वर-खाली जागा लागते. ‘ष’च्या पोटात आधीच रेघ. म्हणून पुष्कळ फलकांवर साधे अक्षर संगणकावर आडवे दाबून चिंचोळे केलेले दिसते. तसे केले की उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा जाडच राहते आणि अक्षर आजारी दिसते. मुंबईच्या एक टाइपचा ‘अनेक’, इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ हे मोफत मिळणारे टंक आहेत. त्यांत चिंचोळे अक्षर मुळातच तसे रेखाटलेले आहे. फलक करणाऱ्यांनो, ते वापरा. अक्षर दाबू नका.